भूकंप घरात आणताना : होम थिएटरच्या प्रकल्प नोंदी

२ मे

कामाची चौकट आज पक्की केली. १९३६ ते १९७४ या काळातले निवडक हॉलिवूडचे आपत्तिपट प्रदर्शनाच्या क्रमाने घरच्या होम थिएटरमध्ये पाहायचे आणि प्रत्येकाचा आवाज त्या चित्रपटाच्या ध्वनिपटाला साजेल असा लावायचा. एकदा बेस, म्हणजे खर्ज, वाढवून ठेवला आणि सगळे चित्रपट त्यातून काढले, असं करायचं नाही.

यादी: ‘सॅन फ्रान्सिस्को’ (१९३६), ‘द हरिकेन’ (१९३७), ‘द रेन्स केम’ (१९३९), ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’ (१९७२), ‘अर्थक्वेक’ (१९७४) आणि ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ (१९७४).

यादी करताना एक धागा हाती लागला. ध्वनिमुद्रणाचं ऑस्कर १९३६च्या चित्रपटांमध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को’ला मिळालं, पुढच्याच वर्षी ‘द हरिकेन’ला मिळालं आणि १९७४चं ध्वनीचं ऑस्कर ‘अर्थक्वेक’ला. एक भूकंप, एक वादळ, पुन्हा एक भूकंप. आपत्ती पडद्यावर उभी करताना जितकं काम मॉडेल आणि कॅमेऱ्याचं असतं, तितकंच स्पीकरचं असतं. म्हणून हा प्रकल्प चित्रापेक्षा आवाजाचा.

खोली ५.२ मीटर लांब, ३.६ रुंद, २.९ उंच. पुढे डावा, मधला, उजवा असे तीन स्पीकर, मागे दोन सराउंड, दोन सील्ड (बंद पेटीचे) सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारे स्पीकर. पडदा रुंद, उंचीच्या २.३९ पट. तीसच्या दशकातले चित्रपट जवळजवळ चौकोनी आहेत. त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंना लावायचे काळे कापडी पडदे ताईने शिवून दिले. चित्राच्या कामाची एवढी नोंद पुरे.

५ मे

सगळ्यात आधी खोलीचा हिशोब. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, की २० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २० कंपनांच्या, लाटेची लांबी १७ मीटरच्या थोडी वर जाते. म्हणजे खोलीत ती लाट मावतच नाही. जी मावते, ती भिंतीवर आपटून परत येते, स्वतःमध्येच मिसळते आणि काही जागी फुगते, काही जागी नाहीशी होते.

खोली कोणता सूर फुगवते हे काढायला ध्वनीचा वेग लांबीच्या दुपटीने भागायचा: ३४३ भागिले १०.४, म्हणजे ३३ हर्ट्झ. रुंदीचा आकडा साधारण ४८, उंचीचा ५९, आणि लांबीचाच दुसरा ६६. भूकंप, स्फोट, इमारत कोसळणं, लाट आदळणं, या सगळ्यांचा पाया नेमका याच पट्ट्यात असतो. त्यामुळे खोली जशी आहे तशी ठेवली, तर प्रत्येक आपत्तीला खोलीचाच एक ठरावीक ‘घूं’ चिकटणार. भूकंपही ३३ला घुमेल आणि जहाजही ३३ला घुमेल. मग ऐकू येते ती खोली, चित्रपट नव्हे.

खोलीच्या बरोबर मध्यावर ३३ हर्ट्झ जवळपास नाहीसा होतो आणि मागच्या भिंतीला टेकून बसलं तर तो अंगावर येतो. सोफा पुढच्या भिंतीपासून ३.४ मीटरवर घेतला. मागे जायला रस्ता राहिला आणि कानही दोन्ही टोकांपासून सुटले.

६ मे

सबवूफरची जागा. एका सबवूफरची जागा शोधायची जुनी पद्धत आहे: सबवूफर सोफ्यावर ठेवायचा, खर्जातला एखादा सूर चालू करायचा आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत कान लावायचा. जिथे सूर स्वच्छ आणि सारखा लागतो, ती सबवूफरची जागा. ताई आणि मी दोघी रांगलो आणि दोघींनी वेगवेगळ्या जागा निवडल्या. तिला उजवा कोपरा भरदार वाटला. मला तो बोदा वाटला, कारण सूर थांबल्यावरही कोपरा घुमतच होता.

शेवटी दोन सबवूफरचा फायदा घेतला. एक पुढच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. दोन्ही एकदम हवा ढकलतात तेव्हा लांबीचा ३३चा फुगवटा एकमेकांना खोडतो. दोन्ही रुंदीच्या मध्यावर असल्याने ४८लाही फारसा जोर मिळत नाही. उरतो ६६, तो रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राच्या) इक्वलायझरने, म्हणजे निवडक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करायच्या सोयीने, खाली दाबला.

इथे एक मोह टाळला. मागचा सबवूफर सोफ्याला जवळ आहे, म्हणून त्याला वेगळा डिले (आवाज सोडायला किंचित उशीर) द्यावा असं वाटतं. पण दोघांच्या वेळेत फरक केला की एकमेकांना खोडण्याची ही जोडीच मोडते. दोन्ही एकच समजून, एकाच डिलेने, ८० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरला, म्हणजे जिथे स्पीकरचं काम सबवूफर घेतो त्या सीमेला, पुढच्या स्पीकरशी जुळवले.

मोजमापाचा माइक सोफ्यावर, लॅपटॉपवर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोजणीचं सॉफ्टवेअर. आलेखावरचे फुगवटे कापले, खड्डे तसेच ठेवले. खड्ड्यात कितीही ताकद ओतली तरी भिंतीवरून परतलेली लाट तीही खाऊन टाकते, आणि ॲम्प्लिफायर विनाकारण तापतो.

९ मे

आजचा दिवस खडखडाट शोधण्याचा, आणि माझ्या मते या सबंध प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

१५ ते ८० हर्ट्झपर्यंत अगदी सावकाश चढणारा सूर लावला. मी हातात बॅटरी घेऊन खोलीत फिरत होते, ताई लॅपटॉपवर आकडा वाचत होती. ती म्हणायची, “आता बावीस,” आणि स्विचबोर्डाची पट्टी कुरकुरायची. सत्तावीसला दाराची कडी. एकतीसला खिडकीची काच, आणि तीही एकाच कोपऱ्यातून. अडतीसला प्रोजेक्टरचा ब्रॅकेट. बेचाळीसला पुस्तकांच्या कपाटाचं दार, त्यातही फक्त खालचं बिजागर. छताच्या पंख्याची वाटी एका ठिकाणी गात होती. ती सापडायला सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण आवाज भिंतीतून येतोय असं वाटत राहिलं.

उपाय साधे. काचेला नव्याने सिलिकॉन, बिजागराला फेल्टचा तुकडा, स्विचबोर्डामागे फोमची पट्टी, कडीला रबर, ब्रॅकेटच्या नटाखाली स्प्रिंग वॉशर. यात खर्चिक असं काही नाही, पण फरक प्रचंड पडतो. खडखडाट नेहमी खर्जापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीत असतो आणि कान तिकडेच धावतो. पडद्यावर शहर कोसळत असताना कपाटाचं दार वाजलं, की मन शहरातून उठून कपाटापाशी जातं. शिवाय खडखडाटामुळे बेस खरा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो, म्हणून माणूस तो कमी करतो. खोली शांत झाल्यावर तोच बेस निमूटपणे आणखी चार डेसिबल वाढवता आला, आणि कुणाला टोचला नाही.

कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड बेस ट्रॅप, म्हणजे खर्ज शोषणारे थर, आधीपासून आहेत. ते ठेवले. त्यांचा उपयोग शंभर हर्ट्झच्या आसपास आणि वर होतो. ३३साठी तसलं मऊ सामान पुरं पडायला भिंतीपासून दोन-अडीच मीटर जाड थर लागेल. तिथे जागा आणि इक्वलायझरच कामाला येतात.

१० मे

पातळी. चित्रपटगृहाच्या मानकात प्रत्येक मुख्य स्पीकरची सरासरी ८५ डेसिबलला लावतात, शिखर १०५पर्यंत जाऊ शकतं, आणि खर्जाच्या खास चॅनेलचं, म्हणजे एलएफईचं, ११५पर्यंत. होम थिएटरच्या ५.१ (पाच मुख्य चॅनेल आणि एक खर्जाचा) या मांडणीतला तो ‘.१’ म्हणजे हाच चॅनेल. त्याला मुख्य चॅनेलपेक्षा १० डेसिबल जास्त मोकळीक मुद्दाम दिलेली असते, कारण खर्ज ऐकायला कानाला जास्त ताकद लागते.

आमच्या खोलीत ती पूर्ण पातळी जड होते. मानकापेक्षा १२ डेसिबल खाली मुक्काम ठरवला. पण आवाज कमी केला की खर्ज इतरांपेक्षा जास्त हरवतो, हा कानाचा स्वभाव. म्हणून सबवूफर ३ डेसिबलने वर घेतले. हे वाढवणं म्हणजे भेसळ नाही, तोल परत आणणं आहे.

कानांच्या सुरक्षेबद्दल एक टीप इथेच. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेची कामगारांसाठी शिफारस आहे: ८५ डेसिबल (ए) असेल तर ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. त्या हिशोबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं. मात्र ए-वेटिंग (कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजायची पद्धत) ३१.५ हर्ट्झला जवळपास ३९ डेसिबल वजा करून दाखवतं, म्हणून निव्वळ खर्ज मोजताना मीटर सी-वेटिंगवर (यात खर्ज फारसा वजा होत नाही) ठेवायचा, आणि संवाद व किंकाळ्यांसाठी ए-वरही एक नजर ठेवायची. दोन्ही आकडे भिंतीवर लिहून लावले.

१७ मे

‘सॅन फ्रान्सिस्को’. क्लार्क गेबल, जनेट मॅकडोनल्ड, स्पेन्सर ट्रेसी. १८ एप्रिल १९०६चा भूकंप. ध्वनीचं ऑस्कर डग्लस शिअररच्या नावावर.

मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा ध्वनिपट, म्हणून फक्त मधला स्पीकर चालू. डावा-उजवा बंद, सराउंड बंद, रिसीव्हरची ‘मूव्ही’, ‘हॉल’ वगैरे सगळी प्रक्रिया बंद. त्या काळच्या ऑप्टिकल पट्टीत (फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनिपटात) खालच्या टोकाला फारसं काही नसतं. जे असतं ती बहुधा यंत्राची घरघर. सबवूफर चालू ठेवून एकदा पाहिलं आणि ती घरघर प्रेमप्रसंगातही खोलीभर पसरली. सबवूफर बंद केले आणि मधला स्पीकर पूर्ण पट्टीवर सोडला.

वरच्या टोकालाही एक गोष्ट आहे. १९३८मध्ये ‘ॲकॅडमी कर्व्ह’ नावाने जे मानक झालं, त्यात चित्रपटगृहात वरच्या फ्रिक्वेन्सी उतरत्या असत, म्हणजे फिल्मची खरखर कमी ऐकू येई. ध्वनिपट करणाऱ्यांनी तो उतार गृहीत धरून काम केलेलं असे. आजचा स्पीकर सगळं सरळ वाजवतो, त्यामुळे काही डिस्कवर संवाद किरकिरे होतात. हा उतार डिस्क तयार करतानाच घातलाय का, ते कानाने ठरवायचं. इथे ट्रेबल थोडा उतरवला आणि आवाज माणसांचा झाला.

आता भूकंप. सबवूफरविना तो पोहोचतो का? पोहोचतो, आणि कसा ते लिहून ठेवावंसं वाटतं. विटा, लाकूड, काच, माणसं, प्रत्येकाचा आवाज वेगळा काढलाय आणि ते एकामागून एक येतात. कानाला ढीग मिळत नाही, क्रम मिळतो: आधी काय तडकलं, मग काय निसटलं, मग कोण ओरडलं. विटांचा धबधबा शंभर-दोनशे हर्ट्झच्या आसपास जाड असतो, आणि तेवढी जाडी मधला स्पीकर एकटा पेलतो. आपत्तीचा आकार खर्जावर अवलंबून असतो असं धरून मी या कामाला लागले होते. १९३६च्या लोकांकडे खर्ज नव्हताच, म्हणून त्यांनी आकार रचनेतून उभा केला. ताई मध्येच म्हणाली, “तुझे ते मोठे डबे बंद आहेत ना?” खात्री करायला तिने हात लावून पाहिला.

या सेटिंगला रिसीव्हरमध्ये ‘जुना मोनो’ असं नाव दिलं.

१८ मे

‘द हरिकेन’. दिग्दर्शक जॉन फोर्ड. वादळ उभं करणारा जेम्स बसेव्ही, तोच ज्याने आदल्या वर्षीच्या भूकंपावरही काम केलं होतं. ध्वनीचं ऑस्कर टॉमस मोल्टन.

वादळ वाजवणं भूकंपापेक्षा अवघड आहे. वाऱ्याचा आवाज आणि जुन्या फिल्मची खरखर एकाच जातीची: दोन्हींत सगळ्या फ्रिक्वेन्सी मिसळलेल्या. त्यामुळे खरखर काढायची कुठलीही सोय, रिसीव्हरमधली असो की प्लेअरमधली, वाऱ्यालाही खरवडते. सगळं बंद ठेवलं आणि थोडी खरखर स्वीकारली. कालच्या सेटिंगपेक्षा आवाज दीड डेसिबल जास्त, बाकी तेच.

२० मे

‘द रेन्स केम’. रांचीपूर नावाच्या कल्पित भारतीय संस्थानात भूकंप होतो, धरण फुटतं, पूर येतो. स्पर्धेतून दिलेलं विशेष परिणामांचं पहिलं ऑस्कर याला मिळालं, ‘गॉन विथ द विंड’ आणि ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ समोर असताना. तो पुरस्कार फ्रेड सर्सनला दृश्यांसाठी आणि ई. एच. हॅन्सनला ध्वनीसाठी असा दोघांच्या नावावर होता. चित्र आणि आवाज मिळून एकच परिणाम, ही समज १९३९मध्येच होती.

‘जुना मोनो’ जसाच्या तसा चालला. वेगळं काही करावं लागलं नाही.

२३ मे

सत्तरच्या दशकात शिरण्याआधी ‘क्राकाटोआ, ईस्ट ऑफ जावा’ यादीत घ्यावा का, यावर ताईशी चर्चा. ७० मिलिमीटरचा भव्य चित्रपट म्हणून तिला हवा होता. मी तो बाजूला ठेवला, पण त्या निमित्ताने खऱ्या घटनेचं वाचन झालं. २७ ऑगस्ट १८८३चा तो ज्वालामुखीचा स्फोट सुमारे ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर, दूरवर तोफा डागल्यासारखा ऐकू गेला. ध्वनीच्या वेगाने ते अंतर कापायला जवळपास चार तास लागतात. हवेच्या दाबाची लाट पुढेही पृथ्वीला फेऱ्या घालत राहिली आणि जगभरच्या दाबमापकांनी तिची नोंद केली. इतक्या संथ लाटेला आवाज म्हणायचं तरी कसं. पण खर्ज खाली खाली जात शेवटी कुठे पोहोचतो, ते त्यातून कळतं. २० हर्ट्झला कानाची हद्द संपते, हवेची नाही.

२४ मे

‘द पोसायडन ॲडव्हेंचर’. निर्माता अर्विन ॲलन, दिग्दर्शक रॉनल्ड नीम, संगीत जॉन विल्यम्स. नववर्षाच्या रात्री प्रवासी जहाज प्रचंड लाटेने उलटं होतं आणि मूठभर लोक वर, म्हणजे तळाच्या दिशेने, चढू लागतात.

इथून पुढे डिस्कवर अनेक चॅनेलचा ध्वनिपट मिळतो, म्हणून सगळे स्पीकर चालू. जहाज उलटण्याचा प्रसंग दणदणीत आहेच. पण मला या चित्रपटाचा खरा आवाज नंतरचा वाटला. उलटं जहाज पाण्यात तरंगतंय आणि त्याचं लोखंड सतत कण्हतंय. कुठूनतरी पाणी घुसतंय, खोलवर काहीतरी फुटतंय. हे आवाज हळू आहेत, आणि आदल्या काळच्या चित्रपटांइतके मधल्या स्पीकरला बांधलेले नाहीत. यांच्यासाठीच खडखडाट घालवला होता. कपाटाचं बिजागर कुरकुरलं असतं, तर ते जहाजाचं की आपलं, हे कळलं नसतं.

सबवूफरची ३ डेसिबलची वाढ इथे १ वर आणली. जास्त ठेवलं की लोखंडाचं कण्हणं गडगडाटात बुडतं. काहींना हा चित्रपट बेसने हलवून सोडणारा हवा असेल. माझ्या मते त्याला घुसमट जास्त शोभते.

२६ मे

खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. “काय गं, रात्रीची कपाटं सरकवतेस का?” त्यांना काय चाललंय ते सांगितलं आणि मीटर घेऊन त्यांच्या घरी गेले. ताईने वर लाट वाजवली. काकूंच्या खोलीत संवाद अजिबात नाहीत, किंकाळ्या नाहीत, फक्त खालचा खर्ज स्लॅबमधून उतरत होता.

सबवूफरखाली रबराचे पाय लावून पाहिले. थोडा फरक पडला, मोठा नाही. पायांतून जाणारी थरथर कमी होते, पण हवेने ढकललेला खर्ज स्लॅबलाच हलवतो, त्याला रबर काय करणार. मग वेळ ठरवली: खर्जाची कामं संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, त्यानंतर सबवूफर बंद. काकू म्हणाल्या, “भूकंपाच्या दिवशी मलाच बोलव, म्हणजे खाली बसून काळजी नको.”

३० मे

आता ‘अर्थक्वेक’ची तयारी. याच चित्रपटासाठी मी हा प्रकल्प हाती घेतला.

९ फेब्रुवारी १९७१ला लॉस एंजेलिसजवळ सॅन फर्नांडो भागात मोठा भूकंप झाला. त्यातून या चित्रपटाची कल्पना आली. मार्क रॉबसनने दिग्दर्शन केलं, चार्लटन हेस्टन आणि एव्हा गार्डनर प्रमुख भूमिकांत. १५ नोव्हेंबर १९७४ला तो आला तेव्हा युनिव्हर्सल स्टुडिओने त्याच्यासोबत ‘सेन्सराउंड’ आणलं. सेर्विन-वेगा कंपनीने बनवलेले अवाढव्य खर्जाचे स्पीकर चित्रपटगृहात पुढे-मागे रचले जात. गंमत अशी, की भूकंपाचा तो गडगडाट फिल्मवर मुद्रित नव्हता. ध्वनिपटात प्रेक्षकाला न जाणवणारे इशारे होते. इशारा आला की चित्रपटगृहातलं यंत्र तिथल्या तिथे यादृच्छिक खर्ज तयार करी आणि तो ११० ते १२० डेसिबलपर्यंत चढवला जाई. हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरमध्ये गिलावा पडेल या भीतीने छताखाली जाळी बांधली होती. पुढे ‘मिडवे’ (१९७६) आणि ‘रोलरकोस्टर’ (१९७७) याच तंत्राने आले.

म्हणून माझा निर्णय बाकी सगळ्यांपेक्षा इथे उलटा आहे. १९३६च्या भूकंपाला आपण खर्ज जोडला, तर ती ढवळाढवळ. १९७४च्या भूकंपाला जोडला नाही, तर चित्रपट अपुरा, कारण बनवणाऱ्यांनीच तो खर्ज चित्रपटगृहावर सोपवला होता. माझी खोली हे आता चित्रपटगृह. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं.

डिस्कवर सेन्सराउंडचा गडगडाट खर्जाच्या चॅनेलमध्ये भरलेला खास ट्रॅक आहे. तो ऐकणार आहेच. पण साध्या मोनो ट्रॅकवर स्वतः खर्ज चढवून पाहायचीही इच्छा आहे, जशी मूळ पद्धत होती तशी.

३१ मे

‘ऑडॅसिटी’ या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पिंक नॉइजची (सगळ्या फ्रिक्वेन्सी मिसळलेल्या खरखरीची) लांब फाइल केली, वर ३५ हर्ट्झला आणि खाली १६ला कापली. खाली कापणं गरजेचं आहे: आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली गेलं, की सबवूफरच्या शंकूला चौपट हलावं लागतं. १०-१२ हर्ट्झचा हट्ट धरला तर शंकू मर्यादेबाहेर जाईल आणि ऐकू काहीच येणार नाही.

ही फाइल लॅपटॉपमधून छोट्या मिक्सरला, मिक्सरमधून सबवूफरला. चित्रपटाचा आवाज नेहमीच्या वाटेने. मिक्सरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, ताईच्या हातात. तिने तबला वाजवलाय, वेळेचा अंदाज माझ्यापेक्षा पक्का.

पहिला धक्का लहान, सकाळचा. ताईने फेडर चित्राबरोबर उचलला आणि तो चिकटवल्यासारखा वाटला. मग तिनेच सुचवलं, “चित्र हलायच्या जरा आधी उचलते.” ते जमलं. खोलीत आधी काहीतरी बदलल्याचं पोटाला कळतं, मग पडद्यावर दिवा झुलतो. उतरवतानाही एकदम नाही, चित्र थांबल्यावर थोडा मागे रेंगाळत. खऱ्या भूकंपातही लहान, वेगवान लाटा आधी पोहोचतात आणि मोठा हादरा मागून येतो, त्यामुळे हा क्रम शरीराला पटतो.

सोफ्याला बोल्टने लावायचे, सोफाच थरथरवणारे शेकर मिळतात. ते घ्यायचे नाहीत असं ठरवलं. १९७४च्या प्रेक्षकाची खुर्ची हवेने हलत होती. शेकर थेट हाडांना हलवतो, छातीपुढची हवा तशीच राहते. ते यंत्रावर बसल्यासारखं लागतं.

१ जून

मुख्य भूकंप, सायंकाळी सात वाजता. काकू सोफ्याच्या डाव्या टोकाला, मी मधे मीटर घेऊन, ताई मागे मिक्सरपाशी.

आधी डिस्कचा खास ट्रॅक, सबवूफर ६ डेसिबल वर. मग तोच प्रसंग मोनो ट्रॅक आणि ताईचा फेडर. दोन्हींत फरक स्पष्ट. डिस्कचा गडगडाट नीटनेटका आणि सारखा आहे. फेडरवाला असमान: तो चढतो, दम घेतो, पुन्हा चढतो, आणि इमारत कोसळताना ताई तो पूर्ण वर नेते. माझा कौल फेडरला. काकूंचाही, पण कारण वेगळं: “पहिल्यात आवाज येतोय असं वाटलं. दुसऱ्यात आवाज कुठून येतोय तेच कळेना.” ही नोंद मी शब्दशः घेतली, कारण तांत्रिक भाषेतही हेच म्हणतात: पुरेसा खाली गेलेला खर्ज दिशा सांगत नाही. ३५च्या वर काही नव्हतं, खडखडाट नव्हता, म्हणून सबवूफरचा पत्ता लागला नाही.

आणखी एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट. जॉन विल्यम्सचं संगीत या चित्रपटात आहे, पण मुख्य भूकंपाच्या वेळी ते गप्प आहे. खर्जासाठी जागा मोकळी सोडली आहे. आज हाच प्रसंग केला असता, तर खाली ढोल आणि वर कोरस घातला असता, आणि दोन्ही मिळून भूकंपाला झाकलं असतं.

मीटर: सी-वेटिंगवर सर्वोच्च १०६. ए-वर ९१. काचेने साथ दिली. पंख्याची वाटी शेवटच्या मोठ्या हादऱ्यात एकदा वाजली. तिला उद्या पुन्हा फेल्ट.

७ जून

‘द टॉवरिंग इन्फर्नो’. निर्माता पुन्हा अर्विन ॲलन, दिग्दर्शक जॉन गिलरमिन. दोन वेगळ्या कादंबऱ्या, दोन वेगळे स्टुडिओ, त्यातून एक चित्रपट. १३८ मजली इमारत, पॉल न्यूमन वास्तुविशारद, स्टीव्ह मॅक्वीन अग्निशमन अधिकारी. १६५ मिनिटं, म्हणून संध्याकाळची वेळ दोन दिवसांत विभागली.

सुरुवातीचं हेलिकॉप्टर आणि त्यावर विल्यम्सचं संगीत, हे कुठल्याही होम थिएटरची चांगली परीक्षा आहे. पंख्याचा ठेका आणि वाद्यवृंद दोन्ही वेगळे ऐकू आले पाहिजेत. आमच्याकडे ६६ हर्ट्झ आणखी २ डेसिबल कापल्यावर आले.

आग मात्र खर्जाची वस्तू नाही. ती फुसफुसते, तडतडते, दार उघडताच श्वास ओढते. तिचं बरंचसं काम मधल्या पट्टीत चालतं, सबवूफरला स्फोटांपुरतंच बोलावणं असतं. म्हणून सबवूफर मूळ पातळीवर, वाढ शून्य, आणि मधला स्पीकर १ डेसिबल वर, म्हणजे आगीच्या आवाजात वॉकीटॉकीवरचे संवाद हरवत नाहीत. शेवटी छतावरच्या पाण्याच्या टाक्या स्फोटाने फोडतात. तिथे आधी स्फोट, मग पाण्याचा लोंढा, आणि त्या लोंढ्यात सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम येतात. अख्ख्या चित्रपटात सगळे स्पीकर एकाच वेळी पूर्ण कामाला लागतात ते इथेच. मीटरवरचा आकडा ‘अर्थक्वेक’पेक्षा कमी आहे, पण खोली जास्त भरलेली वाटली.

८ जून

रिसीव्हरमध्ये आता चार सेटिंग आहेत: ‘जुना मोनो’, ‘जहाज’, ‘भूकंप’ आणि ‘आग’. प्रत्येकाच्या पातळ्या कागदावर लिहून मिक्सरच्या झाकणाला आतून चिकटवल्या.

उरलेली कामं. पंख्याची वाटी. मागच्या सबवूफरची तार गालिच्याखालून काढून भिंतीलगत न्यायची, पाय अडकतो. ‘अर्थक्वेक’मध्ये शेवटाकडे धरण फुटतं, तिथे फेडर कुठे उचलायचा, यावर ताईचं आणि माझं अजून एकमत नाही. तिच्या मते पाणी दिसण्याआधी, माझ्या मते भिंतीला तडा जाताना. पुढच्या शनिवारी दोन्ही करून पाहायचं ठरलंय, आणि काकूंना साडेसहाची वेळ कळवली आहे.